घरी राहणाऱ्या वृद्धांची काळजी आणि सोबत : नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

या कामात नव्याने आलेली बहुतेक माणसं मदत कमी करत नाहीत, जास्त करतात. आजोबांना शर्टाचं एक बटण लावायला बराच वेळ लागतो. तेवढ्यात आपण पुढे होतो आणि सगळी बटणं पटापट लावून टाकतो. हेतू चांगलाच असतो, पण रोज असं होत राहिलं की त्यांची बोटं ते काम विसरतात. उतारवयात एकदा हातातून सुटलेलं काम परत येणं फार अवघड असतं. म्हणून सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करा. जे त्यांना जमतं ते त्यांनीच करायचं. जे अर्धं जमतं त्यात आपण अर्धा हातभार लावायचा. जे अजिबात जमत नाही, तेवढंच पूर्णपणे आपल्या अंगावर घ्यायचं.

तुम्ही पगारी केअरटेकर असा किंवा घरातलीच सून, मुलगा, नात असा, पुढच्या पायऱ्या दोघांनाही लागू आहेत. जिथे फरक पडतो तिथे तसं लिहिलं आहे.

पहिली पायरी : काय जमतं ते बघा आणि लिहून काढा

अमेरिकेतले डॉक्टर सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली रोजच्या जगण्यातल्या सहा गोष्टींची एक यादी मांडली. आंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, अंथरुणातून किंवा खुर्चीतून उठबस करणं, लघवी-शौचावरचा ताबा आणि हाताने जेवणं. पुढे १९६९ मध्ये पॉवेल लॉटन आणि एलेन ब्रॉडी यांनी आणखी आठ गोष्टी दिल्या. फोन वापरणं, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, स्वतःची औषधं सांभाळणं आणि पैशांचे व्यवहार. जगभर आजही याच दोन याद्या वापरल्या जातात, आणि नव्या माणसाला त्यांच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

एक वही घ्या. या चौदा गोष्टी एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकीपुढे ‘स्वतः’, ‘आधाराने’ किंवा ‘पूर्ण मदत’ असं टिपा. हे घरच्यांना विचारून भरू नका, स्वतः बघून भरा. घरचे कधी काळजीपोटी सगळंच ‘जमत नाही’ म्हणून सांगतात, तर कधी प्रेमापोटी सगळंच ‘जमतं’ म्हणतात. शिवाय सकाळी सांधे आखडलेले असताना जे जमत नाही ते दुपारी सहज जमतं, तेव्हा वेगवेगळ्या वेळी बघा.

घरच्यांकडून मात्र ही माहिती नक्की घ्या : आजार कोणते, कोणत्या औषधाची किंवा पदार्थाची ॲलर्जी आहे का, अलीकडे पडले होते का, जेवताना ठसका लागतो का, डॉक्टर कोण, जुनी फाइल कुठे आहे, अडचणीच्या वेळी आधी कोणाला फोन करायचा. चष्मा, कवळी आणि ऐकायचं मशीन रात्री कुठे ठेवतात तेही विचारा. सकाळी या तीन वस्तू सापडल्या नाहीत तर सगळा दिवस बिघडतो.

ही चौकशी त्या व्यक्तीसमोरच होत असेल, तर प्रश्न आधी त्यांनाच विचारा. ‘आजींना रात्री झोप लागते का हो?’ असं मुलीला विचारण्यापेक्षा ‘आजी, रात्री झोप कशी लागते?’ असं आजींनाच विचारा. हाक काय मारू, हेही विचारून घ्या. सगळ्यांनाच ‘आजी’, ‘आजोबा’ आवडत नाही. कोणाला काकू म्हटलेलं आवडतं, तर जन्मभर शिकवलेल्या माणसाला सर किंवा बाई हीच हाक आपली वाटते. तुम्ही घरचेच असाल तर हाक बदलायचा प्रश्न नाही, पण लहान मुलांशी बोलावं तशा लाडीक सुरात त्यांच्याशी बोलू नका.

घराची एक फेरी

अपघाती दुखापतींमुळे जगात जे मृत्यू होतात, त्यांच्या कारणांमध्ये पडण्याचा क्रमांक दुसरा आहे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अशा पडण्यात जीव जाण्याचा धोका साठीच्या पुढच्या माणसांना सगळ्यात जास्त असतो. म्हणून पहिल्याच दिवशी पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेवर स्वतः चालून बघा, तेही रात्रीच्या उजेडात. पायात अडकणारी वायर, सरकणारं पायपुसणं, मध्येच आलेलं स्टूल, ओली फरशी, मागे पट्टा नसलेली सैल चप्पल या गोष्टी आधी दूर करा. वाटेवर रात्रभर मंद दिवा हवा.

न्हाणीघरात आणि कमोडजवळ भिंतीत पक्की बसवलेली दांडी हवी. टॉवेलची दांडी माणसाचं वजन पेलत नाही, तरी घसरताना हात नेमका तिलाच जातो. पलंग आणि खुर्चीची उंची अशी हवी की बसल्यावर दोन्ही तळपाय पूर्ण जमिनीला टेकतील. नजर कमी झालेल्यांना पांढऱ्या फरशीवरचा पांढरा कमोड नीट दिसत नाही, तिथे गडद रंगाचं सीट बसवलं की अंदाज चुकत नाही.

हे सगळं विचारून करा. घर त्यांचं आहे. अंधुक दिसणारी माणसं सवयीच्या जोरावर घरात वावरतात, आपण न सांगता खुर्ची हातभर सरकवली तरी ती धोक्याची होते.

उठवणं, बसवणं, चालवणं

इथे घाई झाली की दोघांनाही इजा होते, म्हणून हा भाग सावकाश वाचा आणि आधी एखाद्या निरोगी माणसावर सराव करा.

झोपेतून एकदम उभं केलं की अनेक वृद्धांचा रक्तदाब झपकन उतरतो. उभं राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने घसरला, तर डॉक्टर त्याला दोष मानतात. चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी आणि मग पडणं असा तो क्रम असतो. बीपीच्या, प्रोस्टेटच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांमुळे हा त्रास वाढतो. म्हणून आधी त्यांना कुशीवर वळायला सांगा. दोन्ही पाय पलंगाखाली सोडायला लावा आणि खालच्या कोपराच्या जोरावर उठून बसू द्या. तुमचा एक हात खांद्यामागे आधाराला असू द्या. काठावर बसल्यावर एक-दोन मिनिटं थांबा, पायांचे घोटे वर-खाली करायला सांगा, चक्कर येत नाही ना ते विचारा आणि मगच उभं करा.

बसल्या जागेवरून उठवताना काखेत हात घालून ओढू नका, दंड धरून खेचू नका. अर्धांगवायू झालेल्या बाजूचा खांदा असा ओढला तर सांधा जागचा हलू शकतो. त्याऐवजी त्यांना खुर्चीच्या पुढच्या कडेपर्यंत सरकू द्या. पाय थोडे मागे घेऊन जमिनीवर घट्ट टेकवायला सांगा आणि पुढे वाकायला लावा, नाक गुडघ्यांच्या पुढे येईल इतकं. मग ‘एक, दोन, तीन’ दोघांनी मिळून म्हणा आणि तिनावर उठा. वाकण्यानेच निम्मं काम होतं. त्यांच्या कमरेला बांधायचा रुंद पट्टा मिळतो, आधाराच्या हाताने तो धरावा. तुमचे गुडघे वाकलेले आणि पाठ सरळ असू द्या. या कामातली कितीतरी माणसं पाठदुखीमुळेच काम सोडतात.

व्हीलचेअरमध्ये बसवण्याआधी दोन्ही ब्रेक लावा आणि पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला करा. एका बाजूला अशक्तपणा असेल तर खुर्ची सशक्त बाजूला लावा, म्हणजे भक्कम पायावर वळता येतं. चालताना तुम्ही अशक्त बाजूला, अर्धं पाऊल मागे राहा. काठी मात्र दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात असते. बरेच जण ती चुकीच्या हातात धरतात आणि कोणी सांगत नाही.

तोल गेलाच तर त्यांना पूर्ण उचलून धरायचा प्रयत्न करू नका. जवळ ओढून, तुमच्या पायाच्या आधाराने हळूहळू जमिनीवर बसू द्या, डोकं जपा. पडल्यावर लगेच उभं करू नका. कुठे दुखतंय ते विचारा. एक पाय आखूड झालेला आणि बाहेरच्या बाजूला वळलेला दिसला, तर खुबा मोडल्याची शक्यता मोठी असते, तेव्हा हलवू नका आणि ॲम्ब्युलन्स बोलवा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असताना डोक्याला मार लागला, तर माणूस व्यवस्थित बोलत असला तरी दवाखान्यात न्या. आतला रक्तस्राव कधी कधी काही तासांनी जाणवतो.

जे अंथरुणाला खिळले आहेत त्यांची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी, हा जुना नियम अजूनही चांगला आहे. कोणाला याहून लवकर कूस बदलावी लागते, ते कातडी बघून ठरतं. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपर आणि डोक्याची मागची बाजू रोज बघा. लाल झालेल्या जागेवर बोट दाबून सोडल्यावर ती क्षणभर फिकी पडली नाही, लालच राहिली, तर बेडसोरची, म्हणजे एकाच जागी भार पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात झाली असं समजा. सावळ्या कातडीवर लाली उमटत नाही. तिथे जागा गडद, गरम, कडक किंवा मऊ लागते का ते हाताने बघा. अशी जागा चोळू नका, तिच्यावरचा भार काढा आणि डॉक्टर किंवा नर्सला दाखवा. मध्ये भोक असलेली गोल उशी बसायला देऊ नका, तिच्या कडेने रक्तपुरवठा आणखी अडतो. टाचा हवेत राहतील अशी उशी पोटरीखाली घाला. कूस देताना खाली अंथरलेल्या आडव्या चादरीने उचलून सरकवा, कारण ओढताना कातडी घासते आणि सोलवटते.

आंघोळ आणि कपडे

आयुष्यभर स्वतःचं स्वतः करणाऱ्या माणसाला परक्यासमोर, किंवा स्वतःच्या मुलासमोर, अंगावरचे कपडे काढावे लागणं किती जड जातं याची कल्पना करा. आंघोळीला होणारा बहुतेक विरोध तिथूनच येतो. म्हणून जो भाग धुवायचा तेवढाच उघडा ठेवा, बाकी अंगावर टॉवेल असू द्या. दार लावलेलं असावं, पण आतून कडी नको.

पाण्यासह सगळं सामान आधी हाताशी घ्या, कारण मध्येच साबण आणायला गेलात तर तेवढ्यात माणूस उठायला बघतो. पाणी कोमट हवं. ते बोटांनी बघू नका, मनगटाच्या आतल्या बाजूने किंवा कोपराने बघा आणि मग त्यांच्या हातावर थोडं घालून विचारा. म्हातारपणी कातडी पातळ होते आणि मधुमेहात पायांची जाणीव कमी होते, त्यामुळे आपल्याला नुसतं गरम वाटणारं पाणी त्यांना भाजू शकतं. पाणी पायांपासून सुरू करून वर न्या. एकदम डोक्यावर ओतलं की दचकायला होतं. ओला रुमाल त्यांच्याच हातात द्या, तोंड, छाती, हात आणि मांड्या त्यांना पुसू द्या. पाठ, पावलं आणि हात पोचत नाही ते तुम्ही करा. स्त्रियांचं खालचं अंग नेहमी पुढून मागे पुसायचं असतं, नाहीतर लघवीच्या मार्गात जंतू जातात. कातडीच्या घड्या आणि पायाच्या बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. क्रीम पायाला लावा, पण बेचक्यांत लावू नका. मधुमेह असेल तर तळवे रोज बघा, कारण कापलेलं त्यांना जाणवत नाही.

रोज पूर्ण आंघोळ झालीच पाहिजे असं नाही. नको म्हणाले तर वाद न घालता अर्ध्या तासाने पुन्हा विचारा. तरीही नको असेल, तर त्या दिवशी तोंड, काखा आणि खालचं अंग पुसलं तरी चालतं.

कपडे घालताना दुखरा हात बाहीत आधी, काढताना तो शेवटी. दोन कपडे समोर धरून ‘यातला कोणता घालायचा?’ असं विचारा. निवड छोटी असली तरी ती त्यांची असते. आणि बटणं लावायला वेळ लागत असेल तर मोठं बटण किंवा चिकटपट्टी (वेल्क्रो) लावून घ्या आणि थांबा. सुरुवातीला वरचं बटण तुम्ही काजात अर्धं सरकवा, उरलेलं त्यांना बाहेर ओढू द्या. हळूहळू तुमचा वाटा कमी करत न्या.

डायपरबद्दल माझं मत ठाम आहे. आपली सोय म्हणून तो लावू नये. दर दोन-तीन तासांनी आणि जेवणानंतर ‘जाऊन येऊ या का?’ असं विचारून नेलं, तर अनेकांना दिवसा डायपर लागतच नाही. लावावाच लागला तर ओला होताच बदला, आणि पाहुण्यांसमोर त्याचा उल्लेख करू नका.

जेवण आणि पाणी

जेवताना ताठ बसवा. पलंगावर असतील तर पाठीमागे उशा लावून जेवढं सरळ करता येईल तेवढं करा. भरवायचं असेल तर तुम्हीही खुर्ची घेऊन समोर बसा. उभं राहून भरवलं की त्यांना मान वर करावी लागते, आणि वर केलेल्या मानेने घास श्वासनलिकेत जायचा धोका वाढतो. घास लहान घ्या, गिळल्याची खात्री करा आणि मगच पुढचा द्या. पेंगुळलेल्या माणसाला काही भरवू नका. जेवण झाल्यावर निदान अर्धा तास बसून राहू द्या.

जेवताना वारंवार खोकला, घोट घेतल्यावर घोगरा, ओलसर आवाज, गालात घास धरून ठेवणं किंवा एकेक जेवण तासभर चालणं ही गिळायला त्रास होत असल्याची लक्षणं आहेत. डॉक्टरांना सांगा. पाणी घट्ट करायचं का, अन्न किती मऊ हवं, हे त्यांनी तपासून ठरवायचं असतं. तोंड आणि कवळी रोज दोनदा स्वच्छ करा. अस्वच्छ तोंडातले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. दातांच्या काळजीतला हा सगळ्यात मोठा फायदा कोणाच्या लक्षातच येत नाही.

वय वाढतं तशी तहान कमी लागते. ‘पाणी हवं का?’ विचारलं तर उत्तर ‘नको’ असंच येतं. दिवसभर थोडं थोडं समोर धरा, औषधाबरोबर पूर्ण पेलाभर द्या. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर पाणी मोजून द्यावं लागतं. किती, ते डॉक्टरांना विचारा. लघवी गडद होणं, ओठ सुकणं आणि अचानक गोंधळल्यासारखं वागणं यावरून पाणी कमी पडतंय हे कळतं. महिन्यातून एकदा वजन करा आणि वहीत लिहा.

औषधं

माणूस, औषध, मात्रा, वेळ आणि देण्याची पद्धत, या पाच गोष्टी प्रत्येक वेळी जुळवून बघायच्या, रोज तेच औषध देत असलात तरीही. आठवड्याचे खाने असलेला डबा भरताना चिठ्ठी समोर ठेवा. गिळता येत नाही म्हणून गोळी कुटून देण्याआधी औषधवाल्याला विचारा. हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली गोळी कुटली की दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो.

सगळ्या डॉक्टरांच्या सगळ्या गोळ्यांची एकच यादी ठेवा आणि प्रत्येक भेटीत दाखवा. अमेरिकेतले डॉक्टर मार्क बीअर्स यांनी १९९१ मध्ये वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी प्रसिद्ध केली. ती आजही वेळोवेळी सुधारून वापरली जाते, आणि तिच्यात झोपेच्या अनेक गोळ्या तसंच सर्दी-ॲलर्जीची काही जुनी औषधं आहेत. अशा औषधांनी माणूस पडतो, गोंधळतो, लघवी अडते. म्हणून साधी सर्दीची गोळीसुद्धा आपल्या मनाने देऊ नका, आणि चालू असलेली गोळी आपल्या मनाने बंदही करू नका.

सोबत

इतर कामं उरकल्यावर वेळ मिळालाच तर गप्पा, असा हा भाग नाही. कित्येक घरांत अंगाची स्वच्छता, औषधं आणि जेवण सगळं वेळच्या वेळी होतं आणि माणूस दिवसभर कोणाशीही चार वाक्यं बोलत नाही. एकटेपणाचा संबंध हृदयविकार, नैराश्य आणि विस्मरणाच्या आजारांशी आढळला आहे. त्यामुळे गप्पा हेही औषधासारखंच काम आहे, त्याला रोजची वेळ ठेवा आणि त्या वेळात मोबाइल दूर ठेवा.

कमी ऐकू येत असेल तर ओरडू नका. वयाने आधी बारीक, उंच पट्टीतले आवाज जातात, आणि ओरडताना आपला आवाज नेमका तिकडेच चढतो. समोर बसा, चेहऱ्यावर उजेड असू द्या, आवाज थोडा खालच्या पट्टीत ठेवून सावकाश बोला, टीव्ही बंद करा. समजलं नाही तर तेच वाक्य पुन्हा म्हणू नका, वेगळ्या शब्दांत सांगा.

‘झालं का जेवण?’, ‘बरं वाटतंय का?’ या प्रश्नांना हो किंवा नाही यापलीकडे काही येत नाही. त्यापेक्षा त्यांना येणाऱ्या गोष्टीबद्दल विचारा. ‘काकू, तुम्ही पहिली नोकरी धरलीत तेव्हा घरचे काय म्हणाले होते?’ आणि मग खरोखर ऐका. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ साली मांडलं की उतारवयात मागचं आयुष्य पुन्हा पुन्हा आठवणं हा मनाचा स्वाभाविक आणि गरजेचा व्यवहार आहे. त्याआधी ते म्हातारपणाचं बडबडणं समजून उडवून लावलं जायचं. तीच गोष्ट पुन्हा ऐकावी लागली तर ‘हे सांगितलंत मला’ म्हणू नका, आधी न विचारलेला तपशील विचारा. काही आठवणी दुखऱ्या असतात. डोळे भरून आले तर विषय बदलायची घाई नको, शेजारी बसून राहा.

कामंही बरोबर करा. कपड्यांच्या घड्या घालणं, भाजी निवडणं, झाडांना पाणी घालणं, हिशेब जुळवून बघणं. काम हळू होईल, घडी वाकडी पडेल. त्यांच्यासमोर ती पुन्हा घालू नका. आणि तुम्ही एकटेच त्यांचं जग बनू नका. जुन्या मैत्रिणीचा नंबर लावून द्या, शेजाऱ्यांकडे घेऊन जा, नातवाला फोन करायची आठवण करा.

विस्मरण असेल तर

अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ साली ज्या रुग्णाची हकिकत मांडली, तिच्या मेंदूतले बदल त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते. मेंदूच बदलतो, त्यामुळे ‘मुद्दाम करतात’, ‘लक्ष देत नाहीत’ हे आरोप चुकीचे आहेत.

संध्याकाळ झाली की अशा माणसांची अस्वस्थता अनेकदा वाढते. आजी स्वतःच्याच घरात, दारापाशी उभ्या राहून म्हणतात, ‘मला घरी जायचंय, आई वाट बघत असेल.’ ‘आजी, हे तुमचंच घर आहे, आणि आई जाऊन किती वर्षं झाली’ हे उत्तर खरं असलं तरी त्यांच्यासाठी आई त्या क्षणी पुन्हा जाते. त्याऐवजी ‘आईची आठवण येतेय का? काय करायची आई संध्याकाळी?’ असं विचारा. त्यांच्याबरोबर दारापर्यंत चाला, चार पावलं बाहेर फिरून या. भीती ओसरली की बहुतेक वेळा पाय आपोआप परत वळतात. ‘घर’ म्हणजे त्यांना सुरक्षित वाटणं हवं असतं. कधी त्यामागे भूक, लघवीची घाई किंवा कुठेतरी होणारं दुखणं असतं, तेही तपासा.

वाक्य छोटं, एका वेळी एकच सूचना. संध्याकाळी लवकर दिवे लावा. घराबाहेर निघून जायची सवय असेल तर नाव आणि घरच्यांचा फोन नंबर लिहिलेलं कार्ड खिशात किंवा गळ्यात असू द्या.

एक फरक पक्का लक्षात ठेवा. विस्मरण महिन्या-वर्षांत वाढतं. काल ठीक असलेला माणूस आज भलतंच बोलतोय, दिवसा ग्लानीत आहे, हवेत काहीतरी दिसतंय म्हणतो, तर ते म्हातारपण नव्हे. संसर्ग, पाण्याची कमतरता, एखादं नवं औषध, तुंबलेली लघवी असं काहीतरी कारण असतं आणि त्याच दिवशी डॉक्टर हवेत. वृद्धांत न्यूमोनियासारख्या मोठ्या संसर्गातही ताप नसू शकतो, नुसता गोंधळ असतो.

थांबायचं नाही अशा वेळा

तोंड वाकडं होणं, एक हात खाली पडणं, बोलणं अडखळणं यापैकी एकही दिसलं तर लगेच ॲम्ब्युलन्स बोलवा आणि माणूस शेवटचा ठीक कधी होता ती वेळ लिहा. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि डॉक्टरांचा पहिला प्रश्न त्या वेळेबद्दलच असतो. तोंडातून काही देऊ नका. छातीत दुखणं, अचानक धाप लागणं, न थांबणारा रक्तस्राव यांतही वाट बघू नका.

मधुमेही माणूस घामाघूम, थरथरता किंवा चिडचिडा झाला तर शुगर बघा. ७० च्या खाली असेल आणि गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, ॲम्ब्युलन्स बोलवा.

वही, पैसे आणि तुमची स्वतःची काळजी

रोज काय खाल्लं, किती पाणी, लघवी-शौच, औषधांच्या वेळा, झोप, कातडी, मन कसं होतं हे थोडक्यात लिहा. ‘आज बरं नव्हतं’ असं लिहिण्यापेक्षा ‘दुपारी अर्धंच जेवल्या, दोनदा चक्कर आली’ असं लिहा.

पगारी काम असेल तर कामाचे तास, सुट्टी, पगार आणि काय काय कामं करायची हे आधीच लेखी ठरवा. घरच्या पैशांतून खरेदी केली तर प्रत्येक पावती ठेवा. उसने पैसे मागू नका, मोठी भेटवस्तू घेऊ नका, त्यांच्या कागदपत्रांवर सही करू नका, त्यांचे फोटो कुठेही टाकू नका. घरातलं ऐकलेलं बाहेर सांगू नका. याला एकच अपवाद आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साठीच्या पुढच्या दर सहा माणसांपैकी एकाला वर्षभरात कोणत्या ना कोणत्या छळाला तोंड द्यावं लागतं. न पटणारे वळ, एखादं माणूस आल्यावर गप्प होणं, अचानक रिकामं झालेलं खातं असं दिसलं तर तारीख घालून लिहा आणि घरातल्या विश्वासू व्यक्तीला, डॉक्टरांना किंवा वृद्धांसाठीच्या मदतवाहिनीला सांगा.

तुमची झोप उडाली, छोट्या गोष्टीवर आवाज चढू लागला, त्यांच्या हाकेचा राग यायला लागला, तर तुम्हाला विश्रांतीची गरज आहे. राग अनावर झाला तर त्यांना सुरक्षित बसवा आणि पाच मिनिटं दुसऱ्या खोलीत जा. घरातल्या माणसांनी तर आठवड्यातून काही तास दुसऱ्या कोणावर सोपवायचेच, हे सुरुवातीपासून ठरवून टाकावं. थकून गेल्यावर मदत मागायचंही त्राण उरत नाही.

सुट्टीवर जाण्याआधी बदली माणसाला निदान एक दिवस तुमच्याबरोबर राहू द्या. तुम्ही करताना त्याने बघावं, मग त्याने करताना तुम्ही बघा. वहीचं पहिलं पान, ज्यावर त्या चौदा गोष्टी आहेत, नव्याने भरून त्याच्या हातात द्या, आणि काय काय ते स्वतः करतात हे त्याला स्पष्ट सांगा. तुम्ही कधी जाणार आणि कधी परत येणार, हे आजी-आजोबांना आदल्या दिवशी तुम्ही स्वतः सांगा.